विमा आणि घरखर्च: तरुण कुटुंबांनो, या चुका टाळा

बाळाची चाहूल लागली किंवा घराचं कर्ज मंजूर झालं की घाईघाईने दोन-तीन पॉलिसी घेतल्या जातात. त्यांतली एखादी मार्चअखेरीस कर वाचवायला, एखादी ओळखीच्या एजंटला नाही म्हणता आलं नाही म्हणून. हप्ते सुरू होतात, पण संरक्षण किती आणि कशाचं मिळालं हे क्लेमच्या वेळीच कळतं.

बचतीच्या पॉलिसीला विमा समजणं

वर्षाला ५०,००० रुपये, २० वर्षं भरा आणि शेवटी १७ लाख ३६ हजार घ्या, ही योजना ऐकायला छान वाटते. हिशेब केला तर परतावा वर्षाला ५ टक्के पडतो. अशा पॉलिसीत संरक्षण बहुतेकदा हप्त्याच्या दहापट असतं, म्हणजे इथे पाच लाख. महिन्याला ४५,००० खर्च असलेल्या घराला ते वर्षभरही पुरणार नाहीत.

आधी गरजेचा आकडा काढा. वर्षाचा खर्च ५ लाख ४० हजार, कुटुंबाला आधार हवा २५ वर्षं: १ कोटी ३५ लाख. (उरलेल्या पैशावरचं व्याज महागाईत जाईल असं धरलं आहे.) त्यात घरकर्जाचे ३० लाख आणि मुलांच्या शिक्षणाचे २५ लाख मिळवा, हाताशी असलेली १५ लाखांची बचत वजा करा. पावणेदोन कोटींचा साधा टर्म प्लॅन लागेल, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, बचत नसलेला विमा. मुदत कमावतं वय संपेपर्यंत, म्हणजे साठ-पासष्टपर्यंत पुरे. ८५ वर्षांपर्यंतच्या कव्हरसाठी जास्त हप्ता भरू नका.

कर्ज देताना बँक एकरकमी विमा गळ्यात घालते आणि त्याचा हप्ता कर्जातच मिळवते. म्हणजे त्या हप्त्यावरही वर्षानुवर्षं व्याज जातं. हा विमा कायद्याने सक्तीचा नाही. वेगळा टर्म प्लॅन असेल तर त्याची प्रत दाखवा आणि नकार लेखी द्या. व्यवसायाची देणी असतील तर पत्नी-मुलांच्या नावे १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्या, म्हणजे त्या रकमेवर देणेकऱ्यांना हात टाकता येत नाही. हा पर्याय प्रस्ताव भरतानाच निवडावा लागतो. नॉमिनी अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर पैसे स्वीकारणारी सज्ञान व्यक्तीही नेमा.

फॉर्म एजंटला भरू देणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एजंट सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहितो आणि तुम्ही ओटीपी सांगून मोकळे होता. रक्तदाबाची गोळी, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, आईवडिलांचा मधुमेह, सिगारेट, तंबाखू, मशेरी: जे विचारलंय ते सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण क्लेमला पाया राहील.

जीवन विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही. आरोग्य विम्यात हीच मुदत सलग ६० महिन्यांची आहे आणि तिथे फसवणूक सिद्ध झाल्यास त्यानंतरही क्लेम अडतो. ‘तीन वर्षं काढली की झालं’ या भरवशावर आजार लपवू नका. पॉलिसीसोबत भरलेल्या फॉर्मची प्रत येते, ती त्याच दिवशी वाचा. कागदपत्रं हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

मेडिक्लेममध्ये फक्त कव्हरचा आकडा बघणं

पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० असू शकते. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. भाडं ४०,०००, डॉक्टर-ऑपरेशन-नर्सिंग १,२०,०००, औषधं आणि तपासण्या ४०,०००. भाड्याचा फरक १५,००० आपण भरू, असं वाटतं. पण मोठ्या खोलीमुळे डॉक्टरांची फीही वाढते असं मानून कंपनी तीही पाच-आठांश प्रमाणातच देते. भाड्याचे २५,०००, फीचे ७५,०००, औषधं-तपासण्यांचे पूर्ण ४०,०००, मिळून १,४०,०००. खिशातून ६०,०००. म्हणून खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. मर्यादा असलेली पॉलिसी आधीच घेतली असेल तर दाखल होतानाच मर्यादेतली खोली मागा.

नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस कव्हर नसतं. आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते. बाळंतपणासाठी बऱ्याच पॉलिसींत दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला सहसा उपयोगी पडत नाही. नोकरीतल्या गटविम्यात हे कव्हर अनेकदा पहिल्या दिवसापासून मिळतं. मात्र नोकरी सुटली की तोही सुटतो, म्हणून स्वतःची पॉलिसी तब्येत चांगली असतानाच सुरू करावी.

हप्त्याचे पैसे वेगळे न काढणं

वार्षिक हप्ता शाळेच्या फीच्या महिन्यात आला की तो लांबतो. वाढीव मुदत वार्षिक हप्त्याला ३० दिवस आणि मासिक हप्त्याला १५ दिवस. ती उलटली की मेडिक्लेम खंडित होतो आणि थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. सगळ्या हप्त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तेवढे आरडीत टाका. सहा महिन्यांच्या खर्चाची आपत्कालीन रक्कम यापासून निराळी ठेवा. ती नसली की अडचणीत क्रेडिट कार्डाची फक्त ‘किमान रक्कम’ भरली जाते आणि उरलेल्यावर महिना तीन टक्क्यांच्या घरात व्याज चढतं. शिवाय त्या काळातल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

क्लेम नाकारला तर

घरी सोडण्याआधी डिस्चार्ज समरी वाचा. ‘पाच वर्षांपासून मधुमेह’ अशी चुकीची ओळ असेल तर डॉक्टरांकडून तिथेच दुरुस्त करून सही-शिक्क्यासह घ्या; घरी गेल्यावर ती बदलणं फार अवघड जातं. तरीही नकार आला तर कारण पॉलिसीतल्या कलमासह लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही.