हळदीची धूळ आणि चाळणीचा चकवा

सांगलीत आमची हळद दळायची गिरणी आहे. बॅग फिल्टरमधली (हवेतली धूळ कापडी पिशव्यांत अडकवणाऱ्या यंत्रातली) धूळ स्फोट-चाचणीला, म्हणजे हवेत उडालेली धूळ पेटून स्फोट होतो का ते तपासायला, पाठवायची होती. प्रयोगशाळेची अट: बहुतेक कण ७५ मायक्रॉनखाली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ओलावा ५ टक्क्यांच्या आत.

२०० मेशची, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या भोकांची चाळणी होतीच. दहा मिनिटं हलवली, तर निम्म्याहून जास्त माल वरच! फिल्टरमधली धूळ इतकी जाड कशी? जाळीवर बोट फिरवलं, तशा बारीक गोळ्या चुरगळल्या. जुलै महिना, नि नमुन्याची पिशवी दोन दिवस उघडी. चूक आमचीच.

नवा नमुना थेट घट्ट झाकणाच्या बरणीत घेतला. आधी ओलावा, मग चाळणी. त्यातही एक गोम निघाली. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर पाण्याबरोबर हळदीचं तेलही उडतं आणि वजनातली सगळी घट पाण्याच्या नावावर जाते. टोल्युइन (पाण्यात न मिसळणारं द्रावक) घालून ऊर्ध्वपातन केलं, तेव्हा पाणी नळीत तेलापासून वेगळं साचलेलं दिसलं. ओलाव्याचा आकडा ११ टक्क्यांवरून ८ वर आला. म्हणजे वाळवणं भागच होतं. ५० अंशांवर हलकंच वाळवून पुन्हा चाळलं. जाळीवर जेमतेम चमचाभर उरलं. हाताचा पिवळेपणा मात्र दोन दिवस गेला नाही.