गावातील वीरगळ कसा वाचावा आणि त्याची नोंद कशी ठेवावी

कोल्हापूर परिसरातील एखाद्या जुन्या शिवमंदिराच्या आवारात, पारावर किंवा वेशीजवळ एकावर एक चौकटी कोरलेला उभा दगड दिसला, तर तो बहुधा वीरगळ असतो. म्हणजे लढाईत अथवा गावाचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या वीराचे स्मारक. त्यावर वीराचे नाव किंवा तिथी सहसा नसते. सांगायचे ते सारे शिल्पातूनच सांगितलेले असल्यामुळे ते वाचण्याची रीत माहीत असावी लागते.

वाचन खालून वर करावे. सर्वांत खालच्या चौकटीत वीराच्या मृत्यूचा प्रसंग असतो आणि अधिकाधिक वेळ तेथेच द्यावा, कारण वरच्या चौकटी बऱ्याच अंशी ठरावीक असतात, तर खालची त्या एका माणसाची असते. आडवी पडलेली आकृती मृत वीराची. त्याच्या हाती ढाल-तलवार आहे, भाला आहे की धनुष्य, समोरचा शत्रू पायी आहे की घोड्यावर, हे बारकाईने पाहावे. गायी कोरलेल्या असतील, तर शत्रूने पळवलेले गोधन सोडवताना वीराला मरण आले, असा अर्थ घेतला जातो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकांची लढाईच कोरलेली आहे. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि शिरोभागी कलश व चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती टिकावी, हा त्यामागचा भाव. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसल्यास ती सतीची खूण समजावी.

झिजलेले कोरीवकाम भर दुपारी नीट दिसत नाही; सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, अथवा सावलीत बाजूने विजेरीचा झोत टाकून पाहावे. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झाडावी. तारेचा ब्रश, आम्ल, तेल किंवा खडू यांचा वापर मुळीच करू नये. अनेक ठिकाणी वीरगळ देव म्हणून पुजले जातात, तेव्हा गुरवांची व ग्रामस्थांची परवानगी घ्यावी आणि शेंदूर खरवडू नये.

नोंदीत गाव, नेमकी जागा, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, उंची, रुंदी, जाडी आणि प्रत्येक चौकटीचे वर्णन लिहावे. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. अक्षरे दिसल्यास ती गिरवू नयेत, जाणकारांकडून वाचून घ्यावीत. शिलालेखात शक वर्ष मिळाले, तर त्यात 78 मिळवून इसवी सन साधारणपणे काढता येतो.

काळ ठरवण्याची घाई मात्र करू नये. गावोगावी असे दगड शिवकाळातील मावळ्यांचे म्हणून दाखवले जातात, परंतु ही प्रथा त्याच्या कितीतरी आधीची आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या सिंघण यादवाने दुसऱ्या भोजाचा पराभव करून कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता संपवली, त्याही पूर्वी वीरगळ उभारले जात होते. लेख नसेल तेथे गावातील आख्यायिका आख्यायिका म्हणूनच, स्वतंत्र परिच्छेदात लिहावी.

मंदिराच्या जीर्णोद्धारात वीरगळ पायात किंवा पायरीत बसवला जाणार असल्याचे समजल्यास आधी मूळ जागेवरच त्याची नोंद पूर्ण करावी आणि ती ग्रामपंचायत व पुरातत्त्व विभाग यांना लेखी कळवावी.