मुंबईतल्या फ्रेंच बालवर्गात शरदाचा एक आठवडा

फ्रेंच माध्यमाच्या बालवर्गासाठी तयार मिळणाऱ्या साहित्यात शरद ऋतू म्हणजे मेपलची लाल-केशरी पाने, भोपळे, खारी आणि अळंबी असतात. फ्रान्समध्ये किंवा कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हे चित्र खरे आहे. तेथे २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास हा ऋतू सुरू होतो, दिवस लहान होऊ लागतात, पानांतले हरितद्रव्य नाहीसे होते आणि त्याखाली दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. मुंबईत मात्र त्याच सुमारास पाऊस ओसरत असतो. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे आणि त्यानंतर जे येते ते ऑक्टोबरचे ऊन. म्हणून या आठवड्याची आखणी करणाऱ्या शिक्षिकेने पहिला निर्णय हा घ्यावा की, भाषा फ्रेंच असेल, पण ऋतू आपल्याच अंगणातला असेल.

हा आग्रह मी अनुभवातून धरते. पहिल्या वर्षी मी भिंतभर नारिंगी कागदी मेपल चिकटवले होते. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक मूल त्या कागदाकडे बोट दाखवून ‘फय’ म्हणत होते, म्हणजे पान. परंतु शाळेच्या फाटकाशी पडलेले खरे पान उचलून मी ‘से क्वा?’, म्हणजे ‘हे काय आहे?’, असे विचारले तेव्हा सगळी मुले गप्प उभी राहिली. त्यांच्या लेखी फय हे भिंतीवरच्या एका नारिंगी आकाराचे नाव होते. दोष मुलांचा नव्हता, मी निवडलेल्या वस्तूचा होता.

माध्यम म्हणून परकी भाषा वापरण्याच्या या पद्धतीची आधुनिक सुरुवात १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहाने, बालवर्गातच झाली. तिचे सूत्र साधे आहे. शिक्षिका सतत फ्रेंच बोलते, मुले सुरुवातीला आपल्या भाषेत उत्तर देतात आणि समज आधी, बोलणे नंतर येते. तेव्हा आठवड्याच्या शेवटी मुलांनी वाक्ये बोलावीत अशी अपेक्षा ठेवू नये. पंधराच्या आसपास शब्द निवडावेत आणि तेच शब्द पाचही दिवस निरनिराळ्या वस्तूंवर, निरनिराळ्या कामांत पुन्हा पुन्हा यावेत. नाम नेहमी त्याच्या उपपदासह शिकवावे, म्हणजे नुसते ‘फय’ नव्हे, ‘ला फय’. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. आपले ‘ते पान’ आणि ‘ते सफरचंद’ तेथे स्त्रीलिंगी होतात आणि हे लिंग नियम सांगून नव्हे, कानावर पडूनच बसते.

सोमवारी फेरफटका काढावा, पण ऊन चढण्याआधी, साडेनऊच्या आत. प्रत्येक दोन मुलांमागे एक कागदी पिशवी द्यावी आणि झाडावरचे काही तोडायचे नाही, पडलेले तेवढेच उचलायचे, हा नियम निघण्यापूर्वीच हाताच्या खुणांनी पक्का करावा. मुंबईच्या बहुतेक रस्त्यांवर, गृहसंकुलांत आणि मैदानांच्या कडेला पिंपळ, आंबा, गुलमोहर आणि देशी बदाम भेटतात. यांतल्या बदामाकडे विशेष लक्ष द्यावे. गळण्यापूर्वी त्याचे मोठे, जाड पान खरोखरच लालभडक होते. त्याची मुख्य पानगळ थंडीत होत असली, तरी झाडाखाली एखाददुसरे लाल पान एरवीही सापडते. लाल पानासाठी कॅनडाचे चित्र आणण्याची गरज उरत नाही. पान हातात धरून, वर नेऊन सोडावे आणि ते खाली येत असताना ‘ला फय तोंब’ म्हणावे, म्हणजे पान पडते आहे. दहा वेळा पान सोडले की अकराव्या वेळी काही मुले आपणहून ‘तोंब’ म्हणतात. सकाळी लवकर निघता आले आणि जवळ पारिजातक असेल तर त्याचा सडाही दाखवावा. पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी देठ एकाच फुलात असल्यामुळे ‘ब्लां’ आणि ‘ओरांझ’ हे दोन रंग तेथेच शिकवून होतात.

या फेरफटक्यात मुले मराठीत, हिंदीत, गुजरातीत बोलतील. त्यांना अडवू नये. माझ्या वर्गातली एक मुलगी बदामाचे पान दोन्ही हातांत धरून धावत आली आणि म्हणाली, ‘ताई, माझं पान फाटलं.’ अशा वेळी ‘फ्रेंचमध्ये सांग’ असे म्हटले की मूल पानही विसरते आणि शब्दही. मी खाली बसून फाटलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हटले, ‘वी, ला फय ए देशिरे’, म्हणजे हो, पान फाटले आहे. तिने मान हलवली आणि ती पुढच्या मुलाला फाटकी कड दाखवायला गेली. मुलाचेच म्हणणे फ्रेंचमध्ये परत त्याच्या हाती देणे, एवढेच शिक्षिकेचे काम आहे आणि ते दिवसातून पन्नास वेळा करावे लागते.

वर्गात परतल्यावर निम्मी पाने लगेच वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून जाड पुस्तकांखाली दाबावीत. ती शुक्रवारी लागतात. आपल्या दमट हवेत कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी पानांवर बुरशी दिसते. बदामाचे पान जाड असल्यामुळे त्याला स्वतंत्र घडी द्यावी.

मंगळवार रंगांचा आणि आकारांचा. जमिनीवर चार रंगांचे कापड अंथरून ‘व्हेर’, ‘झोन’, ‘रूझ’ आणि ‘मारों’ म्हणजे हिरवी, पिवळी, लाल आणि तपकिरी अशी पाने वेगळी करायला द्यावीत, आणि मग तीच पाने ‘ग्रांद’ आणि ‘पतीत’, म्हणजे मोठी आणि लहान, अशी पुन्हा लावायला सांगावीत. ‘झोन’ आणि ‘रूझ’ यांतला झ मराठीत नाही. तो आपल्या ‘झाड’मधल्या झसारखा नसून श म्हणताना घशातून आवाज काढला की जमतो. मुलांना हे समजावून सांगू नये, शिक्षिकेने स्वतः नीट उच्चारावे, कारण या वयाचा कान आपल्यापेक्षा तल्लख असतो. त्यानंतर पान उलटे, शिरांची बाजू वर करून त्यावर पातळ कागद ठेवावा आणि आडव्या खडूने घासावे. यासाठी पिंपळाचे पान सर्वांत चांगले, कारण त्याच्या शिरांची जाळी टोकापर्यंत उमटते. या कृतीला जगभर जे नाव आहे ते मुळात फ्रेंचच आहे, फ्रोताझ, म्हणजे घासणे. तेव्हा तो शब्दही मुलांना द्यावा. त्यांना तो फार आवडतो.

बुधवारी खाऊ करावा. फ्रान्समधल्या बालवर्गांत या ऋतूत सफरचंद शिजवून ‘कॉम्पोत’ करतात. हिमाचल आणि काश्मीरची सफरचंदे याच महिन्यांत आपल्या बाजारात येत असल्यामुळे हा पदार्थ मुंबईत मुळीच परका वाटत नाही. सोलणे आणि चिरणे आपण करावे, मुलांनी फोडी मोजून पातेल्यात टाकाव्यात, ‘अं, द, त्र्वा’ असे म्हणत. परंतु त्याच टोपलीत एक सीताफळ आणि एक बटाटाही अवश्य ठेवावा. सफरचंद म्हणजे ‘पॉम’, सीताफळ म्हणजे ‘पॉम-कानेल’, अर्थात दालचिनीचे सफरचंद, आणि बटाटा म्हणजे ‘पॉम द तेर’, जमिनीतले सफरचंद. तीन वस्तू हातात घेऊन, हुंगून, तळहातावर तोलून एकच शब्द तिन्हींत ऐकू येतो तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो उलगडा दिसतो, तो मला वर्षभर पुरतो. सीताफळाचा गर बिया काढूनच द्यावा. बी घशात अडकू शकते आणि फोडलेली बी अपायकारक असते. कोणत्या मुलाला काय चालत नाही, हे आदल्या दिवशी पालकांना विचारून ठेवावे.

गुरुवारची आखणी मी सर्वांत जपून करते, कारण त्या दिवशी भोंडल्याचा फेर धरायचा असतो. अश्विनात पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरण्याची आणि शेवटी खिरापत ओळखायला लावण्याची ही रीत भाषा शिकवण्यासाठीच जन्माला आली असावी, इतकी ती सोयीची आहे. पाटावर खडूने हत्ती काढावा, ‘एलेफां’ हा शब्द बहुतेक मुलांना सांगावाही लागत नाही. मुले आणि मुली दोघांनीही हात धरून फिरावे. गाणे मराठीच असू द्यावे, कारण त्याचा ठेका फ्रेंच शब्दांना सोसत नाही आणि ओढून ताणून केलेले भाषांतर दोन्हीकडून बिघडते. प्रत्येक कडव्यानंतर मात्र थांबून ‘पती पा’ म्हणजे छोटी पावले किंवा ‘ग्रां पा’ म्हणजे मोठी पावले अशी आज्ञा द्यावी आणि पुढचे कडवे त्या पावलांनी घ्यावे.

फ्रेंचचे खरे काम खिरापतीत होते. झाकलेला डबा हलवून ‘एकुते’, म्हणजे ऐका, असे म्हणावे. मग शिक्षिकेने स्वतःच प्रश्न विचारावेत, ‘एस्क से स्युक्रे?’, हे गोड आहे का, आणि डब्यात डोकावून आलेल्या एका मुलाने फक्त ‘वी’ किंवा ‘नों’ म्हणावे. तीन-चार फेऱ्यांनंतर मुले प्रश्न स्वतःच विचारू लागतात, आधी नुसते ‘स्युक्रे?’ एवढेच. खारट यासाठीचा फ्रेंच शब्द ‘साले’ असा ऐकू येतो, हे मुंबईत शिकवणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावे. मुले हसतील, एखादे मूल घरी जाऊन सांगेलही. खारे दाणे दाखवून शब्द शांतपणे उच्चारावा आणि त्याच दिवशी पालकांच्या वहीत त्याचा अर्थ लिहून पाठवावा. डब्यात काकडी, खोबऱ्याचे तुकडे, लाह्या असे हलवल्यावर वेगवेगळे वाजणारे पदार्थ आळीपाळीने ठेवले तर अंदाजाला आधार मिळतो.

दसरा जवळ असेल तर आपट्याचे पान दाखवायचा मोह होतो आणि ते दाखवावेही, परंतु एकच. सोन्याच्या नावाखाली आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि पुष्कळदा बाजारातले पान आपट्याचे नसून कांचनाचे असते. मुलांना तो जोडपानाचा आकार जाड कागदावर कापून, पिवळा रंगवून एकमेकांना देऊ द्यावा. देताना ‘पूर त्वा’, म्हणजे तुझ्यासाठी, आणि घेताना ‘मेर्सी’. सगळ्या आठवड्यात मुलांच्या तोंडून सर्वांत लवकर बाहेर पडणारे शब्द हेच असतात, कारण ते म्हटल्याशिवाय पान हातात येत नाही.

शुक्रवारी दाबलेली पाने जाड कागदावर चिकटवून प्रत्येकाची एक पाटी करावी. याच दिवशी, आणि शक्यतो याच दिवशी, मेपलचे चित्र बाहेर काढावे. नकाशा किंवा पृथ्वीचा गोल ठेवून क्वेबेक दाखवावे आणि तेथे सध्या थंडी पडू लागली आहे, ‘इल फे फ्र्वा’, तर मुंबईत ‘इल फे शो’, असे हातपंखा हलवत सांगावे. बदामाचे लाल पान मेपलच्या चित्राशेजारी धरले की दोन्हींना ‘ला फय रूझ’ म्हणता येते आणि शब्द एका आकारातून सुटतो.

पालकांना बोलावून प्रयोग करून दाखवू नये. आठवड्यापूर्वी गप्प असलेले मूल पाहुण्यांसमोर पुन्हा गप्प होते. पाटी घरी द्यावी आणि मागे शब्द देवनागरीत लिहावेत, म्हणजे आजीआजोबांनाही ते वाचता येतात. न चिकटवलेली पाने मात्र वर्गातल्या टोपलीत तशीच राहू द्यावीत. पुढच्या आठवड्यात ती कडक होतात, मुठीत धरली की चुरा होतो, आणि तेव्हा ‘सेश’ म्हणजे सुकलेली, हा पुढचा शब्द सांगता येतो.