फायबरचं नेट गेलं? मोडेम बदलण्याआधी पॉवर मोजा

प्रत्येक लाइनची अपेक्षित पॉवर (घरात पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) आधी कागदावर काढून ठेवा. ती नसेल तर मीटरवरचा आकडा चांगला की वाईट, हेच ठरवता येत नाही.

ओएलटीतून (कंपनीकडच्या मुख्य यंत्रातून) +३ डीबीएम पॉवर निघते असं धरा. वाटेतली घट, म्हणजे लॉस, डीबीत मोजतात. ६ किलोमीटर केबलचे २.१ डीबी, १:८ स्प्लिटरचे (एका फायबरचा प्रकाश आठ वाटांत विभागणारा) १०.५, पुढच्या १:४ चे ७.२, सहा स्प्लाइसचे (फायबरच्या कायमच्या जोडांचे) ०.६ आणि चार कनेक्टरचे २. एकूण २२.४ गेले, म्हणजे घरात −१९.४ दिसायला हवी. केबलचा लॉस किलोमीटरमागे ०.३५ धरलाय तो १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा, कारण परतीचा प्रकाश त्यावरच जातो. येणाऱ्या १४९० ला तो कमीच असतो. जीपॉन या फायबर पद्धतीच्या बी+ वर्गात ओएनटी (घरातला फायबर मोडेम) −२७ पर्यंत चालतो, तरी −२४ च्या खालची जोडणी तशी सोडू नका. पावसाळ्यात जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलं की तीच आधी पडते.

चार-पाच डीबी कमी आले तर आधी कनेक्टर बघा. हिरव्याला निळा जोडलेला नको. हिरव्याचं टोक ८ अंशात तिरपं असतं, त्यामुळे दोन्ही टोकं नीट टेकत नाहीत. घरात कापूस भरलेला असताना टोपी न लावलेल्या कनेक्टरवर बारीक तंतू बसतातच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फायबरच्या तोंडाशी डोळा नेऊ नका, हा प्रकाश दिसत नाही.

मग ओटीडीआर (फायबरमध्ये लॉस कुठे होतो ते दाखवणारं यंत्र), लाइन सुटी करून. लॉस १३१० पेक्षा १५५० ला बराच जास्त असेल तर वायर कुठेतरी आवळली आहे, बहुतेक खिळ्याला बांधलेली. दोन्ही तरंगलांबींना सारखाच असेल तर स्प्लाइस खराब. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस पडला की फुगते आणि पुरलेली केबल ओढते. म्हणून जॉइंटपाशी दोन-तीन मीटरचा सैल वेटोळा ठेवा. पांदण रस्त्यावर जेसीबी चालला असेल तर तो तुकडा आधी तपासा.

एका स्प्लिटरवरची सगळी घरं एकदम पडली, पण प्रत्येक घरात −१९ येतेच, तर केबल खोदू नका. येणारा प्रकाश सगळ्यांना एकत्र मिळतो, पण परतीची वाट एकच. म्हणून कालव्याच्या पाण्यासारखी ओएलटी प्रत्येक ओएनटीला पाळी लावून देतो, त्यासाठी प्रत्येकाचं अंतरही मोजतो. एखाद्याचा लेझर सतत चालू राहिला की तो इतरांच्या पाळीत घुसतो आणि सगळे बाद होतात.

तो शोधायला ओएनटीची पॅचकॉर्ड (छोटी जोडवायर) लाइनवरून काढून थेट मीटरला लावा, मीटर १३१० वर ठेवा. चांगला ओएनटी पाळी मिळाल्याशिवाय प्रकाश सोडत नाही, मीटरवर काहीच येत नाही. +२ सारखा स्थिर आकडा दिसला तर बिघाड तिथेच. मधूनमधून बिघडणारा मात्र या चाचणीतून सुटतो. तेव्हा स्प्लिटरच्या पेटीत एकेक पोर्ट काढत जा आणि दर वेळी दोन मिनिटं थांबा, कारण बाकीच्या ओएनटींना पुन्हा नोंद व्हायला वेळ लागतो.