व्हीलचेअर घेऊन हॉटेलात उतरताय? या चुका टाळा

भाच्याचं लग्न वाशीला होतं. आम्ही ठाण्याचे, रात्री घरी परतता आलं असतं. पण हळद, सीमांतपूजन आणि सकाळचा मुहूर्त लागोपाठ, म्हणून वहिनीने आमच्यासाठीही हॉटेलात खोली धरली. मी आधी फोन केला होता. "व्हीलचेअर चालेल ना?" "हो मॅडम, लिफ्ट आहे ना आपल्याकडे." लिफ्ट खरंच होती. तिच्यापर्यंत जायला चार पायऱ्या होत्या. तिथला पोरगा हसत म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काकू, चौघं मिळून उचलतो." उचललं, आणि दुसऱ्या पायरीवर एकाच्या हातात खुर्चीचा नुसता आर्मरेस्ट आला. तो निघणाराच असतो, हे त्याला कसं माहीत असणार?

चूक माझी होती. "व्हीलचेअर चालेल का" असं विचारूच नये. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. उत्तर आकड्यात येईल असं विचारा. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्टचं दार किती इंच? बाथरूमचं दार किती इंच, ते आत उघडतं की बाहेर, उंबरा किती उंच? रिसेप्शनवरच्या माणसाला यातलं बहुतेक काही माहीत नसतं. हाऊसकीपिंगवाल्याला फोन द्यायला सांगा. रोज फरशी पुसणाऱ्याला उंबरा पाठ असतो. चौकटीला मोजायची टेप लावून फोटो व्हॉट्सॲप करायलाही तोच तयार होतो. बुकिंग ॲपवरच्या व्हीलचेअरच्या चिन्हावर मी आता विसंबत नाही, ते पुष्कळदा लॉबीपुरतंच खरं असतं.

आणि आधी स्वतःची खुर्ची मोजा. माझी सीट १८ इंची, म्हणून कित्येक वर्षं मी खुर्चीच १८ इंची समजत होते. हँडरिमच्या, म्हणजे चाक हाताने फिरवायच्या बाहेरच्या कड्याच्या, बाहेरून मोजली तर २५ भरली. वर बोटांना दोन्हीकडे थोडी जागा हवी, नाहीतर सालपटं निघतात.

खरी परीक्षा बाथरूमची

वाशीच्या त्या खोलीत बाथरूमचं दार २४ इंचांचं. खुर्ची चौकटीत अडकली आणि मी तशीच, अर्धी आत अर्धी बाहेर. शेवटी मेंटेनन्सच्या दादांना बोलावलं. त्यांनी बिजागऱ्यांच्या पिना काढल्या आणि दार उचलून भिंतीला टेकवलं. दार नव्वद अंशात उघडलं तरी त्याची जाडी चौकटीतून वजा होत असते. ते काढलं की इंच-दीड इंच मोकळा होतो. तेवढ्याने आमचं भागलं. दाराच्या जागी दोन दिवस चादर! ह्यांनी गॅलरीतल्या दोरीची सोय केली. लाज वाटली, पण दर वेळी उचलून नेण्यापेक्षा हे बरं.

इंच-दीड इंचाने भागणार नसेल तर बारीक चाकांची घडीची कमोड-खुर्ची सोबत ठेवा. तिला मोठी चाकं नसल्याने ती अरुंद असते, पण घेताना तीही मोजूनच घ्या. हॉटेलवाले आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची देतात. ओल्या टाइल्सवर तिचे पाय फाकतात, त्यामुळे बाजूने तिच्यावर सरकायला जाऊ नका. सगळ्यात धोक्याचा तो टॉवेलचा रॉड. दिसायला ग्रॅब बारसारखा, म्हणजे आधाराला धरायच्या दांड्यासारखा, आणि भिंतीत दोन बारक्या स्क्रूंवर तोललेला. शरीराचा भार त्यावर टाकायचा नाही, घसरताना तर नाहीच. घरातल्या इतरांनी आंघोळ उरकली असेल तर वायपर मारून फरशी कोरडी झाल्यावरच आत जा.

तळमजला म्हणजे सपाट नव्हे

आपल्याकडे पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जोतं उंच बांधतात, त्यामुळे तळमजल्यालाही तीन-चार पायऱ्या असतातच. "रॅम्प आहे" म्हणतील. कुठे, ते विचारा. बहुधा मागच्या दाराला गॅस सिलिंडर आणि भाजीचे क्रेट न्यायचा असतो. हिशेब साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प हवा. दीड फुटाच्या जोत्याला चार फुटांची फळी म्हणजे घसरगुंडी. उतरावंच लागलं तर मदतनिसाने मागे राहून खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून उतरवावी. आणि उचलायचीच झाली तर पकड फ्रेमच्या पाइपवर, आर्मरेस्ट किंवा फुटरेस्टवर नाही. हे उचलण्याआधी मोठ्याने सांगा. नंतर सगळेच सूचना देतात.

लिफ्टचं आणखी एक. वीज गेली तर जनरेटरवर लिफ्ट चालते का, की फक्त दिवे? मी पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या वरची खोली घेत नाही.

पलंग उंच असेल तर वरची जादाची गादी काढायला सांगा, टीपॉय बाहेर. दोन मिनिटांचं काम.

वाटेत

ठाणे-नवी मुंबईत टॅक्सी बहुतेक सीएनजीवरच्या, आणि डिकीत सिलिंडर. घडीची खुर्चीही मग मागच्या सीटवर येते आणि ह्यांची जागा जाते. बुकिंग झाल्याबरोबर ड्रायव्हरला फोन करून डिकी मोकळी आहे का, नसल्यास टपावर कॅरियर आहे का, विचारा. बेलापूर ते पेंधर या पट्ट्यात, म्हणजे खारघर-तळोजाकडे उतरणार असाल तर २०२३ मध्ये सुरू झालेली मेट्रो पाहा, स्टेशनांना लिफ्ट आहेत. लांबच्या गाडीला ठाण्याला चढण्याचा हट्ट नको. गाडी मिनिटं मोजून थांबते आणि दिव्यांग डबा फलाटाच्या कुठल्या टोकाला येईल याचा नेम नाही. गाडी सुटते त्या स्टेशनावरच चढा. विमानाला व्हीलचेअरची मदत हवी असेल तर कंपनीला ४८ तास आधी कळवा, बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकारही.

कायदा आपल्या बाजूचा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा असं केंद्राला बजावलं. तारांकित हॉटेलात दिव्यांगांसाठी निदान एक खोली असावी, असं पर्यटन खात्याचे निकष सांगतात. अशी एक खोली मी पाहिली आहे, जादाच्या गाद्या छतापर्यंत रचलेली. म्हणून "तशी खोली आहे" एवढ्यावर थांबू नका, ती रिकामी आहे का विचारा.

लग्नसराईत तर धरलेली खोलीही आयत्या वेळी दुसऱ्या वऱ्हाडाला जाते. निघायच्या आदल्या संध्याकाळी खोलीचा नंबर सांगून विचारा: "टेप लावून फोटो पाठवला होता, तीच ना?"