रोमन स्नानगृहात अंग कसे स्वच्छ करावे

साबण नाही, हवे ऑलिव्हचे तेल आणि स्ट्रिजिल, म्हणजे धातूची वाकडी, पन्हळीसारखी खरवडणी. कपडे कोनाड्यात ठेवा आणि राखणीला माणूस बसवा, चोऱ्या फार होतात. तेल चोळून व्यायाम करा, मग कोमट दालनातून गरम दालनात जा. तिथे जाड तळव्याच्या चपला हव्यातच: फरशीखालच्या पोकळीत भट्टीची धग खेळते, पाय भाजतात.

घाम सुटला की मळ, तेल, घाम एकत्रच खरवडून काढा. हात हलका ठेवा. जोरकस खरवडण्याने सम्राट ऑगस्टसच्या अंगावर घट्टे पडले होते. शेवटी थंड कुंडात बुडी.

उघडी जखम असेल तर स्नानगृह टाळाच. पहिल्या शतकातला रोमन वैद्यकलेखक सेल्सस बजावतो, की जखम स्वच्छ होण्याआधी केलेल्या स्नानाने ती ओली आणि घाण होते, मग सडू लागते.