आकाशातल्या विजेच्या रेडिओ लहरींचा आवाज लॅपटॉपवर कसा पकडायचा

आधी एक मीटरची चौकोनी लाकडी फ्रेम करा, तिच्यावर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते ती तांब्याची तार 30-40 वेढे गुंडाळा आणि दोन्ही टोकं माइकच्या पिनला जोडा, फक्त एका टोकाला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये टाका, कारण माइकच्या सॉकेटमधून थोडं व्होल्टेज येत असतं. झाला तुमचा अँटेना!

खरा त्रास घरगुती विजेच्या तारांमधून येणाऱ्या 50 हर्ट्झच्या गुणगुणीचा. घरात बसून काहीच ऐकू येणार नाही, विजेच्या तारांपासून जमेल तितकं लांब माळावर जा, लॅपटॉप बॅटरीवरच ठेवा, मग फ्रेम हळूहळू फिरवत बघा, एका दिशेला गुणगुण एकदम पडते, तिथेच थांबा. आणि ढग डोक्यावर गडगडत असतील तर सरळ घरी या, त्यात रिस्क घेऊ नका.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 48 किलोहर्ट्झला रेकॉर्ड करून स्पेक्ट्रोग्राम (आडवी वेळ, उभी फ्रिक्वेन्सी दाखवणारं चित्र) उघडा. शेकडो किलोमीटरवर पडलेल्या विजा उभ्या रेघांसारख्या दिसतात, ऐकायला कढईत मोहरी तडतडल्यासारख्या. 18.2 किलोहर्ट्झला सलग आडवी पट्टी दिसली तर ती तिरुनेलवेलीजवळच्या नौदलाच्या ट्रान्समीटरची, म्हणजे तुमचा सेट नीट चालतोय.

रात्री मात्र जरूर बसा! काही रेघांना खाली हुकासारखी शेपटी येते, कानाला 'टिंव' असं वाजतं, त्याला ट्वीक म्हणतात. शेपटी जिथे आडवी होते ती फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये वाचा, 1,50,000 ला तिने भागा, आयनोस्फिअरच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराच्या, खालच्या कडेची उंची किलोमीटरमध्ये मिळते. 1,765 आली तर साधारण 85 किमी.